२२ मे ते ६ जून: इटलीतली तळी, डोंगर, जुनी शहरं, सोबत आई-बाबा. प्लॅन बघून सांगा ना

तळ्यात_मळ्यात

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतं वाचते, आज पहिल्यांदा विचारतेय, सांभाळून घ्या.

आम्ही पाच जण. मी, नवरा, मुलगी (वय ९), माझे आई-बाबा (६६ आणि ७१). बाबा सेंट्रल रेल्वेतून रिटायर झालेत. आईचे गुडघे दुखतात, ऑपरेशन नाही पण जिने जास्त नकोत, आणि ती अंडंसुद्धा खात नाही. मुलीची शाळा १२ जूनला उघडते, नवऱ्याला मेच्या तिसऱ्या आठवड्याआधी रजा नाही, म्हणून २२ मे ते ६ जून. म्हणजे १५ रात्री.

सगळ्यांची यादी गोळा केली तर असं झालं: मिलान १, कोमो १, सेंट मॉरित्झ १ (बाबांना ती बर्निनाची लाल ट्रेन बघायचीच आहे), इन्सब्रुक १, साल्झबर्ग १, हॉलस्टाट १, डोलोमाइट्स (उत्तर इटलीतले डोंगर) २, व्हेरोना १, व्हेनिस १, फ्लोरेन्स २, रोम ३. बेरीज बरोबर १५ आली म्हणून मी खूष होते, मग एका मैत्रिणीने विचारलं की यात तुम्ही झोपणार कधी.

नवरा म्हणतो सेव्हन सीटर गाडी भाड्याने घेऊ म्हणजे सामानाचं टेन्शन नाही. त्याच्या फोनच्या वॉलपेपरवर ते डोलोमाइट्समधलं हिरवं तळं आहे, लाकडी होड्यावालं, लागो दि ब्राएस, तिथे जायचंच असं त्याने जाहीर केलंय.

प्रश्न:
१. यातलं काय उडवू?
२. गाडी की ट्रेन?
३. मे-जूनमध्ये डोंगरात जाता येतं ना? आपल्याकडे उन्हाळा म्हणजे तिकडेही उन्हाळाच असेल ना?
४. आईच्या जेवणाचं काय?

बजेट फार ताणायचं नाहीये पण अगदी चिंधीगिरीही नाही. आधीच थँक्यू.

म्युनिककर

तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो कारण तुमचा अख्खा प्लॅन त्यावर अडकतो आणि आपल्याकडची दहातली आठ माणसं इथेच फसतात. आपली सुट्टी एप्रिल-मे, आणि आल्प्सचा उन्हाळा साधारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत. मे म्हणजे तिकडे दोन सीझनमधली फट. स्कीवाले गेलेले, ट्रेकवाले आलेले नाहीत, त्यामुळे केबल कार मेंटेनन्ससाठी बंद, डोंगरावरची हॉटेलं बंद, वरच्या पायवाटांवर बर्फ. दरीत मात्र मस्त हिरवं आणि वीस-बावीस डिग्री. लोक मेच्या दहा तारखेला ऑर्टिसेईला (डोलोमाइट्समधलं गाव) जाऊन बसतात आणि बंद रोपवेच्या स्टेशनबाहेर सेल्फी काढून परत येतात.

तुमच्या तारखा त्यातल्या त्यात बऱ्या आहेत कारण शेवटचा आठवडा जूनमध्ये जातो. म्हणून डोंगर प्लॅनच्या शेवटाकडे ढकला, तळी आधी. आल्पे दि सियुसी (जर्मनमध्ये झाइझर आल्म, ५६ चौरस किमीचं पठार, युरोपातलं सगळ्यात मोठं उंचावरचं कुरण म्हणतात) तिथे सियुसी गावातून जाणारी केबल कार मेच्या उत्तरार्धात सुरू होते. सेचेडा वगैरे शेजारच्या डोंगरांवरच्या त्याच सुमारास किंवा थोडं नंतर, आणि वरच्या काही चेअरलिफ्ट थेट जूनच्या मध्यावर. तारखा दरवर्षी बदलतात, त्यांच्या साइटवर बघूनच हॉटेल बुक करा.

पहिला प्रश्न. इन्सब्रुक, साल्झबर्ग, हॉलस्टाट उडवा. वाईट आहेत म्हणून नाही, ती वेगळी ट्रिप आहे, म्युनिकला उतरून करायची. रोम-फ्लोरेन्सचं सांगायला जिवावर येतंय, पण तेही उडवा. राहिलं ते सगळं ट्रेनने जोडलेलं आहे: मिलान, कोमोचं तळं, व्हेरोना, बोल्झानो (डोलोमाइट्सच्या पायथ्याचं शहर), व्हेनिस. मिलानला उतरा, व्हेनिसहून परत, तिकीट मल्टी-सिटी काढा म्हणजे उलटं यायला नको.

आणि मुक्काम पाचच. एक मुक्काम बदलायला पाच माणसांना अर्धा दिवस जातो. पॅकिंग, चेकआउट, स्टेशन, पुढच्या हॉटेलचा चेक-इन दुपारी तीनला, तोवर बॅगा कुठे ठेवायच्या, मुलीला सू, आजीला चहा. तुमच्या यादीत दहा वेळा मुक्काम बदलतोय, म्हणजे पाच दिवस नुसते हलवाहलवीत.

भटक्या_७२

मी थोडं वेगळं मत मांडतो. म्युनिककर साहेब तिकडेच राहतात, त्यांना शनिवारी मनात आलं की जाता येतं. आपलं तसं नाही हो. पाच जणांचं विमानाचं तिकीट, व्हिसा, इन्शुरन्स, एवढे लाखो घालून इटलीला जायचं आणि रोम न बघता यायचं? आई-बाबा सत्तरीत आहेत, परत कधी जाणार? आम्ही २०१८ ला ग्रुप टूरने १२ दिवसांत सहा देश केले, दमलो, मान्य, पण आज आईला विचारलं तर कलोसियम डोळ्यांपुढे उभं राहतं तिच्या. दमणूक विसरली ती.

म्युनिककर

भटक्या, मुद्दा चुकीचा नाहीये. पण मग डोंगर सोडा आणि मिलान-व्हेनिस-फ्लोरेन्स-रोम करा, तीही चांगली ट्रिप आहे. दोन्ही ट्रिपा एकात कोंबू नका एवढंच म्हणणं. जूनच्या पहिल्या आठवड्यात रोममध्ये दुपारी आजीला घेऊन फोरमच्या (जुन्या रोमचे अवशेष) दगडांवरून चालायचं की तळ्याकाठी बसायचं, हे आजीलाच विचारा ना.

गुडघेदुखी_क्लब

मी दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना घेऊन बरोबर याच भागात गेले होते (त्यांचं वय तेव्हा ६९, एक गुडघा बदललेला, दुसरा बदलायचा राहिलेला) त्यामुळे फक्त गुडघ्यांच्या नजरेतून लिहिते.

कोमोला राहायचं असेल तर कोमो शहरात नको, व्हारेन्नाला राहा. मिलानो चेंत्रालेहून थेट रीजनल ट्रेन, तासाभराच्या थोडं वर लागतं, तिकीट सात-आठ युरोच्या आसपास, बसताना डाव्या बाजूला बसा म्हणजे लेक्कोच्या पुढे तळं सुरू झालं की खिडकीतून दिसत राहतं. पण व्हारेन्ना म्हणजे उतारावरचं गाव आहे, आमच्या अंजर्ल्या-मुरुडसारखं सपाट नाही. फोटोत जे दगडी बोळ आणि पायऱ्या सुंदर दिसतात ना त्याच पायऱ्यांवरून आपल्याला बॅग ओढायची असते. घर बुक करताना मालकाला मेसेज करून तीन गोष्टी विचारा: स्टेशनपासून किती पायऱ्या, लिफ्ट आहे का, आणि पहिला मजला म्हणजे खरा कितवा. तिकडे तळमजला शून्य धरतात आपल्यासारखाच, पण जुन्या इमारतीत तो शून्यच अर्ध्या जिन्यावर असतो. आम्ही विचारलं नव्हतं. सासूबाई तीन दिवस दिवसातून एकदाच खाली उतरायच्या आणि एकदाच वर चढायच्या, मधे काही विसरलं की आपण धावायचं.

बाकी तळं म्हणजे सुख आहे. व्हारेन्नाहून बेलाजिओ फेरीने पंधरा मिनिटं. तळ्याचा आकार उलट्या इंग्रजी वाय सारखा, बेलाजिओ बरोबर त्याच्या फाट्यावर, तिथून दोन्ही फाटे दिसतात. समोर त्रेमेझोला व्हिला कार्लोत्ता, बाग चढाची आहे पण बाकं आहेत, मेमध्ये अझेलिया-रोडोडेंड्रॉन असतात (मेअखेर बरेचसे संपत आलेले असतील). आणि खुद्द व्हारेन्नात व्हिला मोनास्तेरोची बाग, ती लांबट आणि तळ्याच्या कडेकडेने आहे, सासूबाईंना तीच सगळ्यात आवडली. फेरीत बसून नुसतं या गावाहून त्या गावाला जाणं हाच कार्यक्रम ठेवा, मधल्या भागाचा दिवसभराचा पास मिळतो. गुडघ्यांना शून्य त्रास.

व्हेनिसला उलट. तिथे रस्ता सपाट, पण दर दोनशे पावलांवर पूल आणि पुलाला पायऱ्या. हॉटेल असं बघा की व्हापोरेत्तोच्या (पाण्यातली बस) थांब्यापासून तिथपर्यंत एकही पूल लागत नाही. एक वेळचं तिकीट ७५ मिनिटांचं आणि साडेनऊ युरो, त्यापेक्षा ७२ तासांचा पास ४५ ला होता तो घ्या, आणि पहिल्या संध्याकाळी १ नंबरच्या बोटीत पुढे बसून अख्खा ग्रँड कॅनाल शेवटपर्यंत. गोंडोलाचे पैसे वाचले म्हणून नवरा खूष, बोटीत बसायला मिळालं म्हणून सासूबाई खूष.

आठमहिन्यांनी_दंड

गाडी नको. नको म्हणजे नको.

सविस्तर: इटलीतल्या जवळपास प्रत्येक जुन्या शहराच्या मध्यभागी झेडटीएल नावाचा प्रकार असतो, म्हणजे परवान्याशिवाय गाडीला बंदी असलेला भाग. पोलीस नसतो, फाटक नसतं, एक गोल पाटी आणि वर कॅमेरा. जीपीएस तुम्हाला बिनदिक्कत आत नेतो. मी एका गावात हॉटेल शोधत तीन फेऱ्या मारल्या, प्रत्येक फेरीचा वेगळा दंड, आणि गाडी देणाऱ्या कंपनीने प्रत्येक वेळी माझं नाव-पत्ता कळवायची वेगळी फी कापली. दंडाचं पत्र नाशिकच्या पत्त्यावर आठ महिन्यांनी आलं. तोवर मी ट्रिपचे फोटो अल्बममध्ये लावून मोकळा झालो होतो.

शिवाय इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं, आणि पाच माणसं अधिक पाच बॅगा म्हटल्यावर सेव्हन सीटरची मागची सीट बॅगांनाच जाते.

ट्रेनबद्दल दोन गोष्टी. रीजनल गाड्यांचं भाडं ठरलेलं असतं, आगाऊ काढून काही वाचत नाही, पण फास्ट गाड्यांचं (मिलान-व्हेरोना वगैरे) लवकर काढलं तर बरंच स्वस्त. आणि रीजनलचं कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये शिक्का मारायचा, नाहीतर तिकीट असूनही विनातिकीट. दुसरं म्हणजे संप. शोपेरो हा शब्द पाठ करा. आधी जाहीर होतो, आणि कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात रीजनल गाड्यांची किमान सेवा चालू ठेवावी लागते. मुक्काम बदलायच्या दिवसांच्या तारखा आदल्या आठवड्यात एकदा तपासा.

पोटोबा

आईच्या जेवणासाठी:

पिझ्झा मारिनारा. टोमॅटो, लसूण, ओरेगानो, चीज नाहीच. सगळीकडे मिळतो, स्वस्त असतो. पास्ता घेताना सुका घ्या (स्पॅगेटी, पेन्ने), तो रवा-पाण्याचा असतो, ताजा घरगुती पास्ता बहुतेक वेळा अंड्याचा. मिनेस्त्रोने आणि रिसोत्तो भाज्यांचे दिसले तरी स्टॉक मांसाचा असू शकतो, विचारायचं. आणि पार्मेजान चीजमध्ये दूध फाडण्यासाठी वासराच्या पोटातलं रेनेट असतं, त्या चीजच्या नियमातच ते बसवलेलं आहे. आईंना हे सांगायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, मी माझ्या आईला सांगितलं आणि पुढचे नऊ दिवस पस्तावलो.

कोमोच्या वरच्या अंगाला व्हाल्तेलिना खोरं आहे, तिथला पित्झोक्केरी म्हणजे कुट्टूच्या पिठाचा पास्ता, कोबी-बटाटा-चीज घालून. पोटभरीचा. ऑर्डर करताना 'सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे, सेन्त्सा उओवा' म्हणजे मांस नको, मासे नको, अंडं नको. टेबलावर बसलं की कोपेर्तो म्हणून माणशी एक-दोन-तीन युरो लावतात, भांडू नका, ती पद्धत आहे. कॉफी उभ्याने प्यायली तर स्वस्त.

बॅगेत भाजणी, मेतकूट, सुक्या चटण्या, इन्स्टंट पोहे. पण तूप, पेढे, पनीर असलं दुधाचं काही घालू नका, बाहेरच्या देशांतून युरोपियन युनियनमध्ये दुग्धजन्य पदार्थ न्यायला बंदी आहे. आणि मे महिना आहे म्हणून कुणासाठी हापूसची पेटी न्यायचा मोह होईल, तीही चालत नाही. फळांमध्ये केळी, अननस, नारळ, खजूर आणि तो वास मारणारा ड्युरियन एवढ्यांनाच सूट आहे. आमरस खाऊनच निघा.

तळ्यात_मळ्यात

बापरे, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना मनापासून थँक्यू.

काल रात्री जेवताना सगळं वाचून दाखवलं. आईला विचारलं रोम की तळं. ती म्हणाली, "मला कुठेही न्या, फक्त रोज बॅग भरायला लावू नका." झालं. रोम गेलं. (भटक्या काका, तुमचं वाक्य बाबांना पटलं होतं बरं का, ते अर्धा तास रुसून बसले होते.) गाडीही गेली, तीन दंड ऐकल्यावर नवरा गप्प.

आता असं जमवलंय: २२ ला मिलान १ रात्र, मग व्हारेन्ना ४, व्हेरोना ३, बोल्झानो ४ (३० मे ते ३ जून), व्हेनिस ३, ६ ला परत. बरोबर १५.

राहिलेले प्रश्न: बाबांची लाल ट्रेन यात बसते का? लागो दि ब्राएस बसतं का? आणि केबल कार बंदच निघाल्या तर बोल्झानोत चार दिवस करायचं काय? व्हेरोनात तरी तीन रात्री लागतात का?

म्युनिककर

हा प्लॅन मला दिला असतात तर मीच निघालो असतो.

लाल ट्रेन बसते आणि सेंट मॉरित्झला राहायची गरजच नाही. व्हारेन्नावरून जाणारी तीच रेल्वेलाइन पुढे तिरानोला संपते, दीड तास. तिरानोहून बर्निनाची गाडी सुटते. पॅनोरमाच्या (मोठ्या काचांच्या) डब्यांना रिझर्व्हेशन सक्तीचं आणि महाग, पण त्याच रुळांवरून दर तासाला साधी लाल गाडी जाते, तिला रिझर्व्हेशन नाही. सेंट मॉरित्झपर्यंत सव्वादोन-अडीच तास, पण एका दिवसात परत यायचं तर तिथपर्यंत जाऊच नका, आल्प ग्र्यूम (२०९१ मीटर) किंवा ओस्पित्सिओ बर्निना (२२५३ मीटर) इथे उतरा, गरम काहीतरी प्या, परतीची गाडी धरा. मेअखेर वर बर्फ असेल, तिथलं तळंही अर्धवट गोठलेलं असू शकतं, जाकिटं घ्या. तिरानो ४२९ मीटरवर आहे म्हणजे एका दमात अठराशे मीटर चढाल.

स्वित्झर्लंडमध्ये शिरता म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा, व्हिसा तोच चालतो. फक्त ईसिम घेताना त्यात स्वित्झर्लंड आहे का बघा, नुसत्या युरोपियन युनियनच्या पॅकमध्ये बरेचदा नसतो आणि एका दिवसात रोमिंगचं भलतं बिल येतं.

ब्राएस. बोल्झानोहून ट्रेन बदलून, मग बस, एका बाजूला दोन-अडीच तास. तुमच्या नवऱ्याला एकट्याला पहाटेच्या गाडीने पाठवा, संध्याकाळी वॉलपेपर घेऊन परत येईल. बाकीच्यांनी करेझाचं तळं बघा, बोल्झानोहून बसने पाऊण-एक तास. लहान आहे, पाण्याचा रंग खरोखर मोरपिशी, मागे लातेमार डोंगराचे सुळके. आणि इथे मे-जून तुमच्या बाजूने आहे, कारण हे तळं वितळलेल्या बर्फावर भरतं, वसंतात तुडुंब असतं आणि शरदात निम्मं आटतं. ऑक्टोबर २०१८ च्या वादळात भोवतीचं बरंच जंगल आडवं झालं, त्यामुळे जुन्या फोटोंसारखं दाट दिसणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

केबल कार बंद असल्या तरी एक बंद नसते. बोल्झानो गावातूनच रेनोनला (जर्मनमध्ये रिटन) जाणारी. ती टुरिस्टांची नाही, वरच्या गावातल्या लोकांच्या रोजच्या जाण्यायेण्याची आहे, म्हणून वर्षभर चालते. बारा मिनिटांत वर. वर छोटी नॅरोगेज गाडी आहे, ती कुरणांतून कोलाल्बोपर्यंत जाते, तिथून थोडं चाललं की मातीचे उंच सुळके, प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक दगड टोपीसारखा. समोर अख्खा डोलोमाइट्स. तुमच्या बाबांसाठी: ही गाडी १९०७ ची आहे. आपली माथेरानचीही १९०७ चीच.

२ जूनला इटलीचा प्रजासत्ताक दिन, सुट्टी असते आणि सगळं इटली डोंगरात येतं. त्या दिवशी लांब जाऊ नका.

बेळगावी_कुंदा

बोल्झानोत चार दिवस काय करायचं म्हणजे काय! ओत्झी आहे ना. १९९१ मध्ये बर्फात सापडलेला पाच हजार वर्षांपूर्वीचा माणूस, त्याच्या गवताच्या अस्तराच्या चपला, कुऱ्हाड, सगळं सामान आहे, आणि तो स्वतः थंड खोलीत एका छोट्या खिडकीतून दिसतो. नऊ वर्षांच्या मुलीला आयुष्यभर लक्षात राहील. माझ्या मुलाने घाबरून माझ्या मागे लपून तीनदा बघितला. सोमवारी बंद असतं, बाकी तिकीट आधी काढा नाहीतर रांग.

आणि गंमत म्हणजे तो भाग पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाचा, त्यामुळे गावागावाला दोन नावं, पाट्या दोन भाषांत, कुठल्या नावाने हाक मारली यावरून माणूस कुठला ते कळतं. आम्ही बेळगावचे, एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

राहाल तिथे गेस्ट पास मागा, त्या प्रांतातली बहुतेक हॉटेलं पाहुण्यांना देतात, बस आणि तिथल्या रीजनल ट्रेन फुकट होतात.

पोटोबा

व्हेरोनाच्या तीन रात्रींवर फुली मारू नका. एक दिवस व्हेरोना: पहिल्या शतकातलं रोमन अरेना (घ्या, रोम न जाता रोम), नदीवरचा पोन्ते पिएत्रा, जो १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने उडवला आणि नंतर नदीतून तेच दगड काढून परत बांधला. ज्युलिएटची बाल्कनी विसाव्या शतकात बसवलेली आहे, बाहेरूनच बघा, गर्दीत पाकीट सांभाळा.

दुसरा दिवस मान्तोवा. ट्रेनने पाऊण तास. तळी आणि जुनं शहर दोन्ही एकत्र हवंय ना तुम्हाला? बाराव्या शतकात मिंचो नदी अडवून शहराभोवती तळी केली, तीन अजून आहेत, पलीकडच्या काठावरून बघितलं तर घुमट आणि मनोरे पाण्यातून वर आल्यासारखे. परदेशी गर्दी फार कमी. तिथली खासियत लाल भोपळ्याचं सारण भरलेला पास्ता, गोडसर, मला तर घारग्यांचीच आठवण झाली. आईंना चालणार नाही, पिठात अंडं असतं. तुम्ही त्यांच्यासमोर खाऊ नका म्हणजे झालं.

गुडघेदुखी_क्लब

व्हिसाबद्दल कुणीच बोललं नाही. इटलीत सगळ्यात जास्त रात्री म्हणून इटलीचाच करा. सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, आणि मुंबईत मार्चनंतर अपॉइंटमेंट मिळवणं म्हणजे गणपतीचं कोकणचं रिझर्व्हेशन. फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५, वर सेंटरचा चार्ज वेगळा. इन्शुरन्स किमान ३० हजार युरोचा लागतो, आई-बाबांचा घेताना बीपी-शुगर असेल तर लपवू नका, आधीचे आजार कव्हर होणारा थोडा महाग पडला तरी तोच घ्या. बाबांचं पेन्शनचं पासबुक आणि खर्च तुम्ही करताय असं पत्र जोडा.

आणि व्हेनिसला काही ठरावीक दिवशी नुसतं दिवसापुरतं येणाऱ्यांना प्रवेश फी लागते, २०२४ पासून. राहणाऱ्यांना माफ आहे पण ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो, तारखा बघून ठेवा.

भटक्या_७२

ठीक आहे, हरलो. पण अरेना बघताना बाबांना सांगा की मी कलोसियमच सुचवलं होतं.

तळ्यात_मळ्यात

काका, सांगितलं. ते म्हणाले पुढच्या खेपेला.

त्यांना आता त्या बर्निनाने झपाटलंय. काल दिवसभर माहिती काढून आज चहाच्या वेळी आम्हाला लेक्चर: आपला भोर घाट १ इन ३७ (३७ फुटांमागे १ फूट चढ), कर्जतला मागून बँकर (ढकलायची इंजिनं) लागतात तेव्हा गाडी चढते, आणि हे लोक १ इन १४ चढतात, दातेरी रूळ नाही काही नाही, मीटरगेज, १००० व्होल्ट डीसी. आपल्याकडे १९२५ साली व्हीटी-कुर्ला १५०० डीसीवर सुरू झाली म्हणे. आणि युनेस्कोच्या यादीत ही गाडी २००८ ला आली, त्याच वर्षी आपली कालका-शिमला, हे त्यांनी दोनदा सांगितलं. त्यांनी कधी कालका-शिमला बघितलेली नाही, पण अभिमान आहे.

त्यांचा एकच प्रश्न उरलाय, तो तुम्हाला विचारायला सांगितलाय. त्या गाडीच्या खिडक्या उघडतात का? एसी डब्यात बंद काचेतून बघायचं असेल तर नको म्हणतायत.

म्युनिककर

पॅनोरमाच्या नाही उघडत. साध्या गाडीत खिडक्या उघडणारे डबे असतात, पण सगळेच नसतात, त्यामुळे तिरानोला दहा-पंधरा मिनिटं आधी जा, फलाटावर गाडी उभी असते, बाबांना एकदा पुढून मागपर्यंत चालत जाऊन डबा निवडू द्या. जाताना उजवीकडे बसा. ब्रुसिओला गाडी गोल पुलावरून स्वतःच्याच खालून निघते, तेव्हा हात आणि मोबाइल दोन्ही आत. हे बाबांना सांगायला नको, नवऱ्याला सांगा.